दादांचं पडीक शेत आणि नीतिसूत्रांचा चोविसावा अध्याय: रविवारी काय सांगू?

काळीमाती_जालना
शुक्रवार, रात्री ९.४०

सर्वांना सलाम.

आमच्या पाळकसाहेबांना पुढच्या रविवारी दुसऱ्या गावच्या उपासनेला जायचं आहे. त्या दिवशी आमच्या मंडळीत वचन सांगायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. विषय त्यांनीच नेमून दिला: आळस आणि उद्योग, बायबलातलं नीतिसूत्रे २४, वचनं ३० ते ३४. मी शिकलेला उपदेशक नाही. जालन्याकडं शेती करतो, रविवारी लेकरांचा वर्ग घेतो, एवढंच. वचन तोंडपाठ आहे. अडचण वेगळीच आहे. पहिल्या बाकावर माझे थोरले बंधू बसतात.

ज्यांनी हा भाग वाचला नाही त्यांना माझ्या शब्दांत सांगतो. एक शहाणा माणूस आळशाच्या शेतावरून, अक्कल नसलेल्याच्या द्राक्षमळ्याजवळून चालला आहे. बघतो तर जिकडंतिकडं काटे माजलेत, सगळी जमीन खाजऱ्या झुडपांनी झाकली आहे, दगडी पौळ, म्हणजे शेताभोवतीची भिंत, ढासळली आहे. तो उभा राहतो, नीट बघतो, मनावर घेतो. मग म्हणतो, जराशी झोप, जराशी डुलकी, हात उराशी घेऊन जरासं पडणं, आणि दारिद्र्य दरोडेखोरासारखं येऊन उभं राहतं. हेच शेवटचं बोलणं सहाव्या अध्यायात ‘आळशा, मुंगीकडं जा’ या दाखल्यानंतरही आलं आहे.

आता कालची गोष्ट. हरभऱ्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळून, सावलीत सुकवून, पोतं खांद्यावर टाकून मी शेताकडं निघालो. माझी वाट दादांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाते. त्यांचं सोयाबीन अजून उभंच आहे, काढलंच नाही. शेंगा वाळून काळ्या पडल्यात, ऊन चढलं की फुटतात. मी थांबलो तेव्हा तो आवाज कानावर आला. तड. थोडं थांबून पुन्हा तड, तड. दाणे खाली मातीत पडत होते. मागच्या आठवड्यातल्या सरीनं काही दाण्यांना मोड आले होते. गाजरगवत कमरेला लागत होतं. ओढ्याकडची पौळ आमच्या आजोबांच्या हातची. ती वीसेक पावलं ढासळून पडली आहे आणि दगडांच्या फटीतून येडी बाभळ हातभर वर आली आहे. काटे, झुडपं, पौळ. जसंच्या तसं. वचन आपोआप तोंडात आलं.

पुढचं लिहायला जड जातं, पण लिहितो. वचन तोंडात आलं तेव्हा मला बरं वाटलं. माझं सोयाबीन घरात येऊन पडलं होतं, वखराची पाळी घालून झाली होती, बियाणं खांद्यावर होतं. तेवढ्यात आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या खोपटावरून, बाजेची करकर ऐकू आली. दादा कुशीवर वळले असणार. दार बिजागरीवर फिरतं तसा आळशी अंथरुणावर फिरतो, हे सव्विसाव्या अध्यायातलं वचनही लगेच आठवलं. सकाळचे नऊ वाजून गेले होते.

दादा असे नव्हते. आमचे वडील बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी खाऊन जगलेले. सूर्यानं आपल्याला अंथरुणात बघू नये, हा त्यांनी घराला घालून दिलेला नियम, आणि तो माझ्यापेक्षा दादांनी जास्त पाळला. माझ्या कॉलेजची फी दादांनी दुसऱ्याच्या घरी साल घालून, म्हणजे वर्षभर गडी राहून, भरली. दोन वर्षांमागं वहिनी गेल्या. मागच्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीत ओढ्याचं पाणी शेतात शिरलं, वरची माती खरवडून गेली. तेव्हापासून हे असं आहे. गावात लोक सरळ आळशी म्हणतात. मंडळीतही म्हणतात. मीही म्हटलंय, त्यांच्या तोंडावर, आईच्या देखत.

मला विचारायचं आहे की शास्त्रातला आळशी नेमका कोण? खचलेला माणूस त्यात मोडतो का? हा उतारा मी त्यांच्यासमोर वाचावा, की पाळकसाहेबांना सांगून बदलून घ्यावा?

---

मास्तर_लातूर
शनिवार, सकाळी ६.१५

उतारा बदलू नका. आधी तो नीट वाचू या.

मूळ हिब्रूत आळशासाठी जो शब्द आहे, आत्सेल, तो अख्ख्या बायबलात चौदा वेळा येतो आणि चौदाही वेळा नीतिसूत्रांतच. म्हणजे हा माणूस कोण, ते ठरवायला आपल्याला हे एकच पुस्तक पुरतं. हा आत्सेल कसा आहे बघा. रस्त्यावर सिंह आहे म्हणून तो घराबाहेर पडत नाही (२२:१३). ताटात हात घालतो, पण तोंडापर्यंत न्यायचा कंटाळा करतो (१९:२४). हिवाळ्यात नांगरट करत नाही आणि सुगीला मागायला येतो (२०:४). त्याला हवं सगळं असतं, मिळत काही नाही (१३:४). आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही खूण: नीट उत्तर देणाऱ्या सात जणांपेक्षा तो स्वतःला शहाणा समजतो (२६:१६). थोडक्यात, त्याच्याकडं सबब तयार असते, मनात हाव असते आणि स्वतःबद्दल फार चांगलं मत असतं.

आता तुमच्या बंधूंकडं बघा. ते सबबी सांगतात का? त्यांना काही हवंय का? ते स्वतःला शहाणे समजतात का? तुम्ही जे लिहिलंय त्यात मला या तिन्हींपैकी एकही दिसलं नाही. ज्याला काहीच नकोसं झालंय तो वेगळा माणूस आहे, आणि बायबलात त्याचीही गोष्ट आहे. १ राजे, अध्याय १९. एलीया संदेष्टा रानात एक दिवसाची वाट चालून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो, देवा आता पुरे, माझा प्राण घे म्हणतो आणि झोपतो. देवदूत येऊन त्याला शिवतो. मुंगीकडं जा असं तो म्हणत नाही. ऊठ आणि खा, एवढंच म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवलेली असते. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. हे पुन्हा झोपणं लक्षात घ्या. देवदूत दुसऱ्यांदा येतो तेव्हाही रागावत नाही. ऊठ, खा, तुला लांबचा पल्ला गाठायचा आहे, असं म्हणतो. पस्तीस वर्षं शाळेत मुलांना आळशी म्हणत आलो. हा अध्याय मला त्या नोकरीच्या शेवटी शेवटी उमगला. वर्गात मागच्या बाकावर झोपणारा एक मुलगा पहाटे पाण्याच्या टँकरपुढं घागरी लावून येत होता, हे मला वर्ष संपल्यावर कळलं. त्याचं तोंड अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आता शेतीबद्दल, कारण तुम्ही शेतकरी आहात. बायबलातल्या त्या इस्राएल देशात पाऊस आपल्यासारखा मृगात येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला पाऊस, मार्च-एप्रिलात शेवटचा, मधला उन्हाळा ठणठणीत कोरडा. पहिल्या पावसानं जमीन मऊ झाली की थंडीतच नांगर धरावा लागे. आपल्या रब्बी ज्वारीसारखंच: पेरायचं थंडीच्या तोंडाशी, काढायचं ऊन तापायला लागल्यावर. तिथल्याच गेझर या जुन्या गावी १९०८ मध्ये चुनखडीची एक छोटी पाटी सापडली, इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातली. तिच्यावर बारा महिन्यांची कामं कोरली आहेत: दोन महिने गोळा करणं, दोन महिने पेरणी, दोन महिने मागास पेरणी, मग जवस, सातूची कापणी, पुढची सुगी, वेलांची छाटणी, शेवटी उन्हाळी फळं. एकही महिना रिकामा नाही. तिथं एक हंगाम चुकला तर सबंध वर्ष उपाशी जायचं. म्हणून ही सूत्रं इतकी कडक आहेत. ती दुसऱ्याला खिजवायला केलेली नाहीत, तरण्या पोरांना भुकेपासून वाचवायला केलेली आहेत. दहाव्या अध्यायात सुगीत झोपणाऱ्या मुलाला लाज आणणारा म्हटलंय, तेही बापानं मुलाला सांगावं तसंच.

उद्योगी माणसासाठीचा शब्द तर मला फार आवडतो. हारूत्स. हाच शब्द यशया ४१:१५ मध्ये मळणीच्या दातेरी यंत्राला लावलाय, धारदार या अर्थानं. उद्योगी म्हणजे धार असलेला. आणि धार बोथटते. उपदेशक या पुस्तकात १०:१० ला म्हटलंय की लोखंड बोथट झालं आणि धार लावली नाही तर जास्त जोर लावावा लागतो. बोथट झालेल्या विळ्याला शिव्या घालून धार येत नाही. त्याला कुणीतरी दगडावर धरावं लागतं.

आणखी एक. याच ग्रंथात निर्गम ३४:२१ ला नांगरणीच्या आणि कापणीच्या ऐन दिवसांतसुद्धा सातव्या दिवशी थांबा म्हटलंय. गडी, मोलकरीण, बैल, गाढव सगळ्यांनीच थांबायचं, हे अनुवाद ५:१४ ला आहे. आमच्याकडं वेळ अमावस्येला ऐन रब्बीत सगळं गाव कामं टाकून शेतात जेवायला जातं, तेव्हा मला हे वचन हटकून आठवतं.

---

कोयत्याची_लेक
शनिवार, दुपारी १.३०

मी बीड जिल्ह्यातली. आईवडिलांनी बावीस हंगाम ऊस तोडला. मी कोपीत, तोडणीवाल्यांच्या झोपडीत, वाढले, आता नर्स आहे. मास्तरांनी चांगलं लिहिलंय, पण मला एक विचारायचं आहे. आळशी हा शब्द कोण कुणाला म्हणतंय, हे बघायचं की नाही?

बायबलात पहिल्यांदा एका सबंध समाजाला आळशी कुणी म्हटलं? मिसरच्या राजानं, फारोनं. निर्गम, पाचवा अध्याय. त्याच्या विटा थापणारे इस्राएली गुलाम म्हणाले, आम्हाला देवाच्या उपासनेला तीन दिवस रानात जाऊ द्या. फारो म्हणाला, तुम्ही आळशी आहात, आळशी, म्हणून असं बोलता. मग त्यानं गवत देणं बंद केलं, विटांचा आकडा तोच ठेवला, आणि आकडा भरला नाही म्हणून मारलं.

आता मुंगीचं वचन बघा. तिला ना कोणी पुढारी, ना देखरेख करणारा, ना धनी. आमच्या पाळकांनी अभ्यासवर्गात एकदा दाखवलं होतं की यातल्या मधल्या माणसासाठी हिब्रूत जो शब्द आहे, शोतेर, तोच निर्गमाच्या पाचव्या अध्यायात विटांच्या कामावरच्या नाईकांसाठी आहे. आमच्या भाषेत मुकादम. मुंगीला मुकादम नाही. तिच्यावर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, नाही. एक दिवस ताप आला तर तिचा खाडा लागत नाही. ती जे गोळा करते ते तिच्याच वारुळात जातं. म्हणून ती उन्हाळ्यात साठवू शकते. माझी आई पहाटे तीनला उठायची, भाकरी थापून फडात जायची, दिवसभर तोडायची, मोळ्या बांधायची, रात्री गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढायची. मार्चला गावी आलो की हिशेबात उचल फिटलेली नसायची. मुंगीपेक्षा काय कमी केलं तिनं? नीतिसूत्रांना हेही ठाऊक आहे. १३:२३ काढून बघा. गरिबाच्या शेतात भरपूर पिकतं, पण अन्यायानं ते वाहून जातं. हे वचन मी आजवर एकाही उपदेशात ऐकलं नाही. मुंगी मात्र दर वर्षी ऐकते.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात मळ्याचा धनी संध्याकाळी पाचच्या सुमाराला बाजारात जातो आणि उभ्या असलेल्या लोकांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. आमच्या गावाकडच्या लेबर अड्ड्यावर सकाळी अकराला जाऊन बघा, हेच उत्तर मिळतं. आणि तो धनी त्यांना पूर्ण दिवसाची मजुरी देतो.

जो काम करत नाही त्यानं खाऊ नये, हे पौलाचं वाक्य लोक नेहमी फेकतात. थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र, ३:१०. मूळ वाक्यात ज्याची काम करायची इच्छा नाही तो, असं आहे. जमत नाही तो, असं नाही.

तर तुमच्या दादांची पौळ. ती कुणी पाडली? तुम्हीच लिहिलंय, ओढ्याच्या पाण्यानं. मग ती आळसाच्या खात्यावर का लिहिली?

---

सुईदोरा
शनिवार, दुपारी ३.०५

थोडंच लिहिते, शिलाईची घाई आहे.

वहिनी गेल्या आणि शेत पडीक पडलं. मग आजवर ते शेत करत कोण होतं?

एकतिसाव्या अध्यायातली गुणी बायको सगळ्यांना माहीत आहे. बावीस वचनं, हिब्रूच्या बावीस अक्षरांवर एकेक. अंधार असतानाच ती उठते, शेत बघून विकत घेते, रात्री तिचा दिवा विझत नाही. लग्नात आमच्यापुढं हे वाचतात. ती आळसाची भाकर खात नाही, हे त्यातलंच. माझी सासू हे वचन मला ऐकवायची. स्तोत्र १२७ मात्र कुणी ऐकवलं नाही. तुम्ही पहाटे उठता, रात्री उशिरा टेकता, कष्टाची भाकर खाता, हे व्यर्थ आहे, तो आपल्या प्रियजनांना झोप देतो, असं त्यात आहे.

तुमच्या वहिनींचा दिवा दोन वर्षांमागं विझला. रविवारी त्यांचंही नाव घ्या.

---

वाफसा_परभणी
शनिवार, रात्री ८.५०

मी वारकरी माणूस, चर्चमध्ये कधी गेलो नाही. मित्रानं दिलेलं बायबल घरात आहे, त्यातलं उपदेशक मी दोनदा वाचलंय. लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफ करा.

वरच्या तिघांनी दादांना मोकळं केलं. मला थोडं उलटं बोलायचं आहे. आळस हा खरा असतो. मी केलाय. माझ्या घरात कुणी गेलं नव्हतं, पूर आला नव्हता, डोक्यावर मोठं कर्जही नव्हतं. दोन वर्षं मी नुसता पारावर बसलो. सकाळी उठायचं, आज ढग आहेत उद्या बघू, उद्या म्हणायचं वारं आहे फवारणी होणार नाही, परवा मजूर नाहीत. रोज कारण खरं असायचं. ढग खरंच असायचे. उपदेशक ११:४ वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. जो वाऱ्याकडं बघत बसतो तो पेरणार नाही, जो ढगांकडं बघतो तो कापणार नाही. हे आमच्या गोदाकाठच्या माणसानं लिहिल्यासारखं आहे. वाफसा ही गोष्ट शेतकऱ्याला सांगायला नको. चिखल नाही आणि भेगाही नाहीत, मूठ दाबली तर माती गोळा होते आणि बोटानं टोचली तर फुटते, असे ते चार-पाच दिवस. ते गेले की गेले. त्यांची वाट बघणं हा उद्योग, आणि ते आल्यावरही बघत बसणं हा आळस. दोन्हीत माणूस बांधावर उभाच दिसतो.

मला एका मित्रानं पारावर, चार लोकांत, आळशी म्हटलं. राग आला. दुसऱ्या दिवशी तो मित्र त्याची बैलं घेऊन माझ्या शेतात आला आणि काही न बोलता औत धरलं. दुपारपर्यंत मी बांधावर बसलो होतो. मग लाज वाटली, आणि उठलो. तो नुसता बोलला असता तर मी आजही पारावर असतो. नुसता राबला असता तरी बहुतेक मी बसूनच राहिलो असतो. तुमच्याच जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ म्हणाले, यत्न तो देव जाणावा. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईला दळायला पांडुरंग येऊन बसतो, असं आम्ही म्हणतो. मला वाटतं यत्न आणि सोबत वेगळी करता येत नाहीत.

म्हणून उतारा गाळू नका, पण रविवारची वाटही बघू नका. हरभऱ्याला अजून दिवस आहेत, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पेरता येईल. सोयाबीन गेलं, त्याचा नाद सोडा, रोटाव्हेटर मारा. दादांना चाड्यावर, तिफणीत बी सोडायला, उभं करा.

आणि एक गोष्ट कोयत्याच्या लेकीनं लिहायला हवी होती, ती मी लिहितो. इतके दिवस अंथरुणातून उठावंसं वाटत नाही हे दुखणंही असू शकतं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझ्या चुलतभावाच्या वेळी आम्हाला तो नंबर ठाऊक नव्हता.

---

कोयत्याची_लेक
शनिवार, रात्री ९.२०

वाफसा दादा, बरोबर आहे तुमचं. मी लिहायला हवं होतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते, तिथंही नेता येईल. एकट्याला पाठवू नका, सोबत जा.

---

काळीमाती_जालना
दहा दिवसांनी, मंगळवार, रात्री १०.१०

उशीर झाला, पेरणीत होतो. काय झालं ते लिहितो.

तुमचं सगळं वाचून रविवारी दुपारी मी आखाड्यावर गेलो. सोबत भाकरी, पिठलं आणि ठेचा. बायकोनं कांदाही फोडून दिला होता. दादा बाजेवरच होते. मी काही बोललो नाही, ताट पुढं केलं. त्यांनी अर्धी भाकर खाल्ली आणि पुन्हा पडले. एलीयाची गोष्ट वाचली नसती तर मी त्या वेळी नक्की काहीतरी बोललो असतो. मी तिथंच बाहेर दगडावर बसलो. पायापाशी मुंग्यांचं बीळ होतं, भोवती गवताच्या बियांच्या फोलकटांचं गोल रिंगण. ऊन पडलं होतं आणि मुंग्या ओले झालेले दाणे आतून बाहेर आणून वाळत घालत होत्या. एकेक दाणा, मुंगीहून मोठा. आत साठवलेलं भिजलं तर तेही बाहेर काढून वाळवावं लागतं, हे मी एवढी वर्षं वचन सांगूनही बघितलं नव्हतं.

अर्ध्या तासानं दादा बाहेर आले. मी पौळीकडं बघत होतो. तेच म्हणाले, "ती पाण्यानं गेली. म्या नाही पाडली."

मी म्हटलं, "माहीत आहे, दादा."

"लावाया दोन माणसं लागतात. एकानं दगड धरायचा, एकानं खाली चीप बसवायची. धरायची ती."

सुईदोरा ताई, तुमचा प्रश्न मी त्यांना विचारलाच नाही. उत्तर असं आलं. वहिनी दगड धरत होत्या, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं पौळ दादा लावतात. दर वर्षी दसऱ्यानंतर ते दोघं ओढ्याकडं जायचे आणि मी तेव्हा माझ्या रानात असायचो.

मी म्हटलं, मी धरतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन पहार घेऊन आले. बाभळीची मुळं काढायलाच तास गेला. पहिला थर बसवताना त्यांनी मला दोनदा रागावलं, दगडाची चपटी बाजू आत जाते, बाहेर नाही, म्हणून. अंधार पडेपर्यंत सात पावलं झाली.

सोमवारी ते उठले नाहीत. मंगळवारी दहाला आले, तासभर बसले आणि गेले. बुधवारी मी ट्रॅक्टर सांगून सोयाबीनवर रोटाव्हेटर फिरवला. ते आखाड्याच्या दारात उभे राहून बघत होते, जवळ आले नाहीत. गुरुवारी, शुक्रवारी मिळून सहा एकरांपैकी चार एकर हरभरा पेरला. शेवटच्या एकराला चाड्यावर मूठ त्यांची होती. ट्रॅक्टरनं पेरायचं सोडून त्या एका एकराला तिफण काढा असं त्यांनीच सांगितलं, बैलजोडी शेजारून आणली. दोन एकर राहिलं. खरवडून गेलंय तिथं या वर्षी काही येणार नाही.

रविवारी उतारा वाचला. बत्तिसाव्या वचनावर थांबलो. त्या शहाण्या माणसानं शेत बघितलं, मनावर घेतलं, आणि बोध घेतला. स्वतः. त्या शेताचा मालक त्या पाच वचनांत कुठंच बोलत नाही. त्याला कुणी हाक मारत नाही, पौळ कशी पडली ते कुणी विचारत नाही. मी मंडळीला सांगितलं की मी गेल्या आठवड्यात एका शेताच्या धुऱ्यावर उभा होतो, हेच वचन माझ्या तोंडात आलं आणि मला बरं वाटलं, आणि त्याची मला लाज वाटते. कुणाचं शेत ते सांगितलं नाही. सगळ्यांना कळलं. मग एलीया सांगितला, वाफशाचं सांगितलं, आणि आमच्या वहिनींचं नाव घेतलं. मागून कुणीतरी हुंदका दिला. बहुतेक आई असेल.

दादा पहिल्या बाकावर नव्हते. उशिरा आले, दाराजवळ बसले आणि आशीर्वादाच्या आधीच उठून गेले. त्यांना कसं वाटलं ते मी विचारलेलं नाही. १४४१६ वर फोन मी केला, त्यांच्याशी कसं बोलावं ते विचारायला. पलीकडच्या बाईंनी वीस मिनिटं ऐकून घेतलं. दवाखान्यात यायला दादा अजून तयार नाहीत. या शुक्रवारी पुन्हा विचारणार आहे.

पौळ तेरा पावलं राहिली आहे.